रॅफल्सचा लाँग बार: एका सिंगापूर स्लिंगचा हिशेब

सिंगापूरच्या चार-पाच दिवसांच्या सहलीत मर्लायन झाला, गार्डन्स बाय द बे झालं, सेंटोसाही उरकलं, की यादीत एक ओळ हमखास उरते: रॅफल्स हॉटेलातल्या लाँग बारमध्ये जाऊन सिंगापूर स्लिंग, म्हणजे जिन आणि फळांच्या रसाचं गुलाबी कॉकटेल, पिणं. जाऊन आलेल्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. फार महाग पडली आणि फार गोड होती. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. फक्त त्या बिल आल्यावर सुचण्याऐवजी आत शिरण्याआधी माहीत असल्या तर तिथला तासभर मजेत जातो. कारण लाँग बारमध्ये पैसे मोजायचे ते मुख्यतः जागेचे, ग्लासातल्या पेयाचे नव्हे. हे एकदा मान्य केलं की जायचं कधी, मागवायचं किती आणि उठायचं केव्हा, हे आपोआप ठरतं.

आधी पत्ता, कारण इथेच बरेच जण चुकतात. रॅफल्स हॉटेलचा पत्ता १, बीच रोड. टॅक्सीवाला तिथे नेऊन सोडतो, समोर पांढरीशुभ्र इमारत, पोर्च आणि फेटा बांधलेले रुबाबदार दरवान. फोटो काढायला ही जागा उत्तम. पण बार या दारातून आत गेल्यावर नाही. हॉटेलचा राहण्याचा भाग तिथे उतरलेल्या पाहुण्यांसाठी राखीव असतो आणि बाहेरच्यांना दारावरच नम्रपणे वळवलं जातं. लाँग बार मागच्या बाजूला, रॅफल्स आर्केड या दुकानांच्या भागात, दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथला दुसरा मजला म्हणजे आपला पहिला, तळमजल्याला ते एक म्हणतात. आर्केडचा पत्ता ३२८, नॉर्थ ब्रिज रोड. मेट्रोने यायचं तर सिटी हॉल स्टेशनवर उतरून रॅफल्स सिटी मॉलमधून थंडगार चालत यायचं आणि ब्रास बसाह रोड ओलांडायचा. सर्कल लाइनवर असाल तर एस्प्लनेड किंवा ब्रास बसाह स्टेशनही जवळच. हॉटेलातच 'रायटर्स बार' नावाचा आणखी एक बार आहे. तो वेगळा, शांत आणि जरा जास्त औपचारिक. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं जमिनीवर टाकायची प्रसिद्ध जागा ती नव्हे.

वेळेचं गणित सोपं आहे. बार साधारण दुपारी बाराच्या सुमारास उघडतो. नेमकी वेळ निघण्याआधी हॉटेलच्या साइटवर बघून घ्यावी, कारण ती वारानुसार बदलते. टेबल राखून ठेवता येईल या भरवशावर राहू नका. येईल त्याने रांगेत उभं राहायचं, हीच इथली रीत. उघडल्यापासूनचा पहिला तास सर्वांत मोकळा असतो. तीननंतर टूर ग्रुप यायला लागतात, आणि संध्याकाळी पाच ते नऊ ही सर्वांत वाईट वेळ. शहर बघून दमलेले सगळे त्याच सुमारास तिथे पोचतात. शिवाय सिंगापूरला दुपारनंतर पावसाची जोरदार सर येऊन जाते आणि ती आली की आर्केडमधले सगळे पर्यटक एकदम जिन्याकडे वळतात. आभाळ भरून आलं असेल तर पावसाच्या आधी आत शिरा, पावसात नको. रांग जिन्यापर्यंत आलेली दिसली तर सरळ परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी या. तासभर उभं राहून जे मिळतं ते न थांबता मिळतं त्याहून जराही वेगळं नसतं.

कपड्यांचं फार अवडंबर नाही. भर दुपारी हाफ पँट घातलेले पर्यटक सर्रास दिसतात. पायात मात्र पकड असलेले बूट किंवा सँडल हवेत. जमिनीवर शेंगांची टरफलं पसरलेली असतात आणि गुळगुळीत तळाची चप्पल त्यावरून घसरते. लहान मुलं बरोबर असतील तर आत बसू देतात का, ते दारावरच विचारा. सिंगापुरात अठरा वर्षांखालच्यांना मद्य मिळत नाही, आणि तरुण दिसणाऱ्यांकडे पासपोर्ट मागितला जाऊ शकतो.

आत गेल्यावर आधी वर बघा. छतावर ताडाच्या पानांच्या आकाराचे पंखे रांगेने एका लयीत पुढेमागे हलत असतात. पंखा ओढणाऱ्या माणसाचं काम तिथे यंत्र करतं. वारा त्यांचा फारसा लागत नाही, गारवा वातानुकूलनाचाच. सगळी सजावट १९२० च्या दशकातल्या मलायातल्या मळ्यांची आठवण देणारी आहे: गडद लाकूड, वेताच्या खुर्च्या, वर जाणारा गोल जिना. रबराच्या मळ्यांवरचे गोरे साहेब सुट्टीला शहरात उतरायचे आणि लांबलचक काउंटरला टेकून गप्पा मारायचे, अशी ही कल्पना. मात्र ज्या जागी ते साहेब टेकत, ती ही जागा नाही. १९८९ मध्ये हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झालं आणि १९९१ मध्ये पुन्हा उघडलं. त्या नूतनीकरणात बार आर्केडमध्ये आला. २०१७ ते २०१९ या काळात आणखी एक मोठी डागडुजी झाली. तेव्हा 'शंभर वर्षांपूर्वीच्या बारमध्ये बसलोय' या भावनेला थोडा लगाम घाला. जुनं आहे ते हॉटेल, बार म्हणजे त्या काळाचा नीट उभारलेला देखावा. देखावा चांगला आहे, आणि त्यात काउंटरची जागा सर्वांत चांगली. मिळाली तर टेबल सोडून तीच घ्या, कारण तिथून हाताने चाक फिरवून कॉकटेल मिसळायची बरीच झाकणबंद भांडी (शेकर) एकदम हलवणारं जुन्या धाटणीचं यंत्र दिसतं. ते सुरू झालं की सगळ्यांचे फोन वर होतात.

टेबलावर शेंगांची पोती असतात. शेंगा फुकट, हव्या तेवढ्या. सोलायच्या आणि टरफल बिनदिक्कत खाली टाकायचं. ज्या शहरात रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला तर पहिल्याच गुन्ह्याला कोर्ट २,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड करू शकतं, तिथे हे चालतं, यातच अर्धी गंमत आहे. पण शेंगा फुकट वाटण्यामागे व्यवहारही आहे. खारट खाल्लं की तहान लागते, आणि समोर पेय एकच. सुरुवातीलाच साधं पाणी मागून घ्या. सिंगापूरचं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे, बाटलीबंद घ्यायची गरज नाही. एक इशारा मात्र गंभीरपणे: कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर त्याने इथे येऊच नये. फक्त न खाऊन भागत नाही, टेबलावर, खुर्चीवर, जमिनीवर सगळीकडे त्याचा भुगा असतो.

आता बिल. गेल्या काही वर्षांत मेनूवर स्लिंगचा आकडा ४० सिंगापूर डॉलरच्या आसपास दिसतो, आणि तो वरवर सरकत असतो. पण मेनूवरचा आकडा म्हणजे द्यायचे पैसे नव्हेत. किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात, तिथले लोक त्याला 'प्लस प्लस' म्हणतात. पहिलं प्लस १० टक्के सर्व्हिस चार्जचं, दुसरं जीएसटीचं. जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे आणि तो सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे ४० चे आधी ४४ होतात, त्यावर ३.९६, एकूण ४७.९६. दोघांनी एकेक घेतली की शंभराला चार डॉलर कमी. सर्व्हिस चार्ज दिलाय म्हटल्यावर वेगळी टीप ठेवायची पद्धत नाही, ठेवू नका. कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, रक्कम रुपयांत वळती करायची की सिंगापूर डॉलरमध्येच ठेवायची? दरवेळी सिंगापूर डॉलर. रुपये निवडले की विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो जवळपास नेहमीच तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. ही चूक एका ग्लासापुरती छोटी वाटते, पण पूर्ण सहलीत तीच सवय महागात पडते.

सिंगापुरात दारूवर कर जबर आहे, म्हणून ग्लास इतका महाग, असं बरेच जण सांगतात. कर जबर आहे हे खरंच. जिनसारख्या मद्यावर शुद्ध अल्कोहोलच्या दर लिटरला ८८ सिंगापूर डॉलर. पण हिशेब करून बघा. सर्वमान्य कृतीनुसार एका स्लिंगमध्ये ३० मिली जिन, १५ मिली चेरी लिकर (लिकर म्हणजे गोड मद्य), आणि साडेसात-साडेसात मिली क्वान्त्रो हे संत्र्याचं व बेनेडिक्टिन हे वनौषधींचं लिकर. जिन ४० टक्क्यांची धरली, चेरी लिकर २४ टक्क्यांची, बाकीची दोन्ही ४० टक्क्यांची, तर शुद्ध अल्कोहोल होतं जेमतेम २१.६ मिली. त्यावरचा कर एक डॉलर नव्वद सेंट. म्हणजे जीएसटी सोडला तर ४० डॉलरमधले सरकारचे दोनही नाहीत. बाकीचे पैसे हलणाऱ्या पंख्यांचे, भाड्याचे आणि नावाचे. त्यात वावगं काही नाही, पण बोट कराकडे दाखवू नये.

हाच आकडा दुसऱ्या कामालाही येतो. आपल्याकडचा ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग घेतला तर त्यात साडेपंचवीस मिलीच्या वर अल्कोहोल असतं. म्हणजे एक स्लिंग लार्ज पेगापेक्षा थोडी हलकी, आणि ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरच्या कॅनपेक्षा जड. पण पिताना ती अननसाच्या सरबतासारखी लागते, अल्कोहोल जिभेवर जाणवत नाही. उन्हात तीन-चार तास पायपीट करून, पाणी कमी पिऊन, रिकाम्या पोटी आलेला माणूस पहिला ग्लास दहा मिनिटांत संपवतो आणि उठताना जिन्याचा कठडा शोधतो. ज्यांना सहसा 'काही होत नाही' त्यांना इथे होतं, याचं कारण ग्लासात काही जास्तीचं घातलेलं असतं असं नाही. गोडवा, तहान आणि घाई, एवढंच. एक ग्लास, अर्धा-पाऊण तास, मध्ये पाणी. दुसरी मागवायची असेल तर स्लिंगऐवजी बिअर घ्या. खिशालाही बरी आणि जिभेलाही.

गोडपणाबद्दल. १२० मिली अननसाचा रस, १० मिली ग्रेनेडिन हा डाळिंबाचा पाक आणि वर तीन प्रकारचं गोड मद्य, हे सगळं सांभाळायला लिंबाचा रस फक्त १५ मिली. कृतीच गोड आहे, बारवाल्यांचा हात चुकलेला नसतो. शिवाय इतक्या मागणीच्या ठिकाणी प्रत्येक ग्लास तुमच्यासाठी मोजून, वेगळा बनवला जाईल ही अपेक्षाच धरू नये. तरीही मागवताना 'थोडं जास्त लिंबू' असं सांगून बघायला हरकत नाही. बाजूला लिंबाची फोड मागून स्वतः पिळणं हा त्याहून खात्रीचा मार्ग. मद्य न घेणाऱ्यांनी बिगर-मद्याचा पर्याय विचारावा, शेंगा आणि पंखे त्यांनाही तेवढेच मिळतात.

या पेयाची जन्मकथा हॉटेल असं सांगतं: १९१५ मध्ये हॉटेलातल्या न्गियाम तोंग बून या बारमनने ते बनवलं. त्या काळी स्त्रियांनी चारचौघांत मद्य पिणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून दिसायला फळांच्या रसासारखं, गुलाबी आणि निरुपद्रवी. कथा गोड आहे, पेयासारखीच. तिच्यावर शंका घ्यायला जागाही आहे, कारण गुलाबी स्लिंगचा उल्लेख सिंगापूरच्या इंग्रजी वर्तमानपत्रात १९०३ मध्येच सापडतो. म्हणजे असं काहीतरी शहरात आधीपासून प्यायलं जात होतं आणि बूनने त्याला घडवलं, असं म्हणणं जास्त पटतं. हॉटेलच्या सांगण्यानुसार, १९३६ मध्ये एका पाहुण्याने वेटरला विचारून बारच्या चिठ्ठीवर कृती लिहून घेतली, तो जुना पुरावा. आज मिळणारी अननसाची फेसाळ आवृत्ती मात्र बरीच अलीकडची, १९७० च्या दशकात रुळलेली. त्याआधीच्या वर्णनांत अननस नाहीच. जिन, चेरी लिकर, बेनेडिक्टिन, लिंबू आणि वर सोडा, असा तो कमी गोड, कडवट चवीचा प्रकार होता. माझ्या मते तोच जास्त चांगला. शहरातल्या एखाद्या कसबी कॉकटेल बारमध्ये गेलात तर 'अननसाशिवाय, सोडा घालून जुन्या पद्धतीची' असं सांगून मागवा. जाणकार बारमन खूश होतो.

बून हा हैनानी होता, आणि हा तपशील हॉटेलच्या भिंतींबाहेर घेऊन जातो. दक्षिण चीनमधून होक्किएन आणि तेओच्यू या समाजांचे लोक आधी आले आणि व्यापार त्यांच्या हाती गेला. हैनान बेटावरचे लोक नंतर आले. त्यांच्या वाट्याला गोऱ्यांच्या घरातलं स्वयंपाकघर, जहाजावरची नोकरी आणि हॉटेलांचे बार हीच कामं उरली. त्यांची वस्ती नेमकी रॅफल्सच्या बाजूला होती. मिडल रोड म्हणजे हैनानी पहिली गल्ली, पर्विस स्ट्रीट दुसरी, सिया स्ट्रीट तिसरी. सिया स्ट्रीट तर हॉटेलला अक्षरशः लागून आहे. म्हणून लाँग बारला जाण्याआधी जेवायचं असेल तर पाच मिनिटं चालून पर्विस स्ट्रीटला जा आणि हैनानी चिकन राइस खा. कोंबडीच्या रस्स्यात, आलं-लसणावर शिजवलेला भात, मंद आचेवर उकडलेली कोंबडी, बाजूला लाल मिरचीची आंबट चटणी. पोटात भात असला की स्लिंग माणसाला जमिनीवरच ठेवते. शाकाहाऱ्यांनी मात्र या गल्लीत फार शोधाशोध करू नये. सरळ लिटल इंडिया गाठावं, सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, डोसा-भाजी-भात, विषय संपला.

हॉटेलचा इतिहासही आर्केडमधून फिरता फिरता बघून होतो. सार्कीज हे आर्मेनियन भाऊ, त्यांनी १८८७ मध्ये समुद्रकाठच्या एका बंगल्यात दहा खोल्यांचं हॉटेल काढलं. आज बीच रोडवर उभं राहिलं तर बीच कुठे दिसत नाही, भराव टाकत टाकत समुद्र लांब गेला. मुख्य इमारत १८९९ ची. १९८७ मध्ये, म्हणजे शंभरीला, हॉटेलला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. आणि वाघाची गोष्ट: 'बिलियर्डच्या टेबलाखाली वाघ मारला' असं गाइड रंगवून सांगतात. झालं ते असं की १९०२ मध्ये प्राण्यांच्या एका खेळातून निसटलेला वाघ बार आणि बिलियर्ड रूमच्या इमारतीखाली जाऊन बसला. ती इमारत जमिनीपासून उंचावर, खांबांवर बांधलेली होती, त्यामुळे वाघ होता जमिनीच्या फळ्यांखाली, टेबलाखाली नव्हे. तिथेच त्याला गोळी घातली.

बारमधून निघून तासभर हाताशी असेल तर बीच रोडच्या पलीकडे चार उंच पांढऱ्या खांबांचं नागरी युद्धस्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी अमलात मारल्या गेलेल्या सामान्य लोकांचं. चार खांब चिनी, मलय, भारतीय आणि युरेशियन असे चार समाज दाखवतात. ब्रास बसाह रोडच्या वरच्या अंगाला चाइम्स, म्हणजे जुनं कॉन्व्हेंट, आता रेस्टॉरंटांनी भरलेलं. तिथे फक्त आवारातून चक्कर मारली तरी पुरते.

पेय म्हणूनच पेय प्यायचं असेल तर बुगिस स्टेशनजवळच्या पार्कव्ह्यू स्क्वेअर इमारतीतला अ‍ॅटलस बार जास्त मोलाचा. इमारत २००२ ची, पण बांधणी १९२०-३० च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीच्या थाटाची, छत उंचच उंच आणि भिंतीवर जिनच्या बाटल्यांचा मनोरा. हजाराच्या वर जिन तिथे आहेत. इथे मात्र जागा आधी राखून ठेवा आणि संध्याकाळी जायचं असेल तर नीटनेटके कपडे घाला, चपला चालणार नाहीत. रॅफल्सपासून हे अंतर रमतगमत चालण्याएवढंच आहे, तेव्हा दुपारी लाँग बार आणि दुसऱ्या संध्याकाळी अ‍ॅटलस अशी विभागणी करता येते. एकाच संध्याकाळी दोन्ही करू नका.

घरी बनवायची असेल तर आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेची कृती प्रमाण धरावी:

जिन ३० मिली
चेरी लिकर १५ मिली
क्वान्त्रो साडेसात मिली
बेनेडिक्टिन साडेसात मिली
अननसाचा रस १२० मिली
लिंबाचा रस १५ मिली
ग्रेनेडिन १० मिली
अँगोस्टुरा बिटर्सचा (कडवट अर्काचा) एक शिडकावा

बर्फ सोडून हे २०५ मिली भरतं. शेकर निदान ५०० मिलीचा हवा, नाहीतर बर्फ घातल्यावर हलायला जागा उरत नाही आणि फेस येत नाही. मोठे, कडक बर्फाचे खडे घाला आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. बाहेरून शेकर हाताला चटका बसावा इतका गार झाला पाहिजे. बर्फ भरलेल्या उंच ग्लासात गाळा, वर अननसाची फोड. फेस अननसाच्या रसातून येतो. त्यातली प्रथिनं आणि गराचे बारीक कण हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. म्हणून ताजा काढून जाड गाळणीतून गाळलेला रस घ्यायचा. खोक्यातला पारदर्शक, गाळून गाळून स्वच्छ केलेला रस घेतला तर फेस बसतो, आणि मग लोक अंड्याचा पांढरा बलक घालायला लागतात. त्याची गरज नाही. रॅफल्समध्ये सारावाकच्या अननसांचा आग्रह त्या फेसासाठीच धरतात. अननस फार गोड निघाला तर लिंबू २० मिलीपर्यंत वाढवा.

सर्वांत मोठी चूक चेरीच्या बाटलीत होते. जुन्या कृतींत 'चेरी ब्रँडी' लिहिलेलं असतं आणि दुकानदार किर्श देतो. किर्श हा चेरीपासून गाळलेला बिनसाखरेचा, पाण्यासारखा मद्यप्रकार. त्याने ना रंग येतो ना गोडवा. हवं असतं ते गडद लाल चेरी लिकर, हीरिंगसारखं. दुसरी चूक बेनेडिक्टिन वगळण्याची. बाटली महाग आणि लागतं जेमतेम दीड चमचा, त्यामुळे मोह होतो. पण अननसाच्या गोडव्यामागे जी वनौषधींची, मसाल्याची चव रेंगाळते ती त्याचीच, आणि ती नसेल तर पेय म्हणजे निव्वळ लाल सरबत. बजेट कमी असेल तर क्वान्त्रोऐवजी साधं संत्र्याचं लिकर चालेल, बेनेडिक्टिनला पर्याय शोधू नका. स्वस्त ग्रेनेडिन म्हणजे रंग घातलेला साखरेचा पाक असतो, ते ५ मिलीवर आणा. डाळिंबाच्या रसात समभाग साखर विरघळवून घरीच केलं तर १० मिली पूर्ण घाला. चार जणांसाठी सगळं चौपट करून एका भांड्यात मिसळून ठेवता येतं, ८२० मिली होतं. लिंबू मात्र त्याच दिवशी पिळा आणि शेकरमध्ये एकेक ग्लास वेगळा हलवा, कारण फेस काही मिनिटांतच खाली बसतो.

नियम दोन लक्षात ठेवा. सिंगापुरात रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळात सार्वजनिक जागी मद्य पिणं बेकायदा आहे आणि दुकानातून नेण्यासाठी विकतही मिळत नाही. परवानाधारक बारच्या आत हे लागू नाही, बाहेरच्या बाकावर लागू आहे. नदीकाठी कॅन घेऊन बसायची हौस असेल तर घड्याळ बघा. लिटल इंडिया आणि गेलांग इथे शनिवार-रविवारी नियम आणखी कडक असतात.

हॉटेलच्या दुकानात तयार स्लिंगच्या बाटल्या आणि ग्लास मिळतात. बाटली घेतलीत तर ती चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, विमानतळावर बॅग सोपवण्याआधी ठेवा. हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली तपासणीत काढून घेतात. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य कर न भरता आणता येतं, आणि ही बाटली त्यातच धरली जाते, म्हणून ड्युटी-फ्रीमध्ये व्हिस्की घेताना तिचे मिली वजा करा.